ग्रिलची अमेरिकन टपाल तिकिटं (१८६७ ते १८७१): संग्रह आणि प्रदर्शनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकीट प्रदर्शनात ग्रिलच्या तिकिटांची फ्रेम लागली की पुढे उभे राहणारे बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: "ही सगळी सारखीच तर दिसतायत, मग किमतीत एवढा फरक कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे, कारण या तिकिटांमधला फरक समोरून दिसतच नाही. तो पाठीमागे असतो. नव्या संग्राहकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ग्रिल म्हणजे नेमकं काय?

तिकिटाच्या कागदात दाबून उमटवलेला बारीक टोकांचा चौकटीसारखा ठसा. तिकीट पालथं करून त्याच्यावर तिरका उजेड पाडला की बारीक ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलासा पिरॅमिड असतो. ठसा ताजा आणि खोल असेल तर बोटालाही जाणवतो. रंग, चित्र, किंमत, छपाई यांपैकी कशातही ग्रिलमुळे बदल होत नाही. १८६१ साली निघालेली जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेहऱ्याची तीन सेंटची गुलाबी तिकिटं १८६७ नंतरही त्याच चित्रानं छापली जात होती, फक्त त्यांच्या कागदावर आता हा ठसा होता.

हा खटाटोप कशासाठी केला?

वापरलेली तिकिटं धुऊन पुन्हा वापरली जातील या भीतीपोटी. शिक्क्याची शाई कागदाच्या पृष्ठभागावरच राहिली तर ती पुसता येते आणि तेच तिकीट दुसऱ्या पाकिटावर डकवता येतं. कागदाचे तंतू आधीच तोडून ठेवले तर शाई आत झिरपते, आणि ती काढायला गेलं की तिकीटच खराब होतं. ग्रिलमागचा विचार एवढाच होता.

ही भीती एकट्या अमेरिकेला नव्हती. ब्रिटननं पेनी ब्लॅकचा काळा रंग बदलून १८४१ मध्ये तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा केला, त्यामागेही हेच कारण होतं. पुढे ब्रिटिश छापखान्यांनी पाण्याला लागताच उतरणाऱ्या शाया वापरल्या. अफगाणिस्तानात तर टपाल कर्मचारी तिकिटाचा तुकडा फाडूनच ते रद्द करत, म्हणून तिथली जुनी वापरलेली तिकिटं कोपरा तुटलेलीच मिळतात. या सगळ्या उपायांत मला अमेरिकेचा सर्वांत रंजक वाटतो. ब्रिटननं शाईवर काम केलं, यांनी थेट कागदावर केलं.

ही कल्पना कोणाची?

चार्ल्स एफ. स्टील यांची. अमेरिकेच्या टपाल खात्यासाठी तिकिटं छापण्याचा ठेका तेव्हा न्यू यॉर्कच्या नॅशनल बँक नोट कंपनीकडे होता आणि स्टील तिथेच कामाला होते. २२ ऑक्टोबर १८६७ रोजी त्यांना या पद्धतीचं पेटंट मिळालं. ग्रिल असलेली पहिली तिकिटं मात्र त्याच्या आधी, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, वापरात आली होती.

पोलादी रुळावर टोकं किंवा खळगे कोरायचे आणि छापलेला कागद त्याखालून न्यायचा, अशी ही पद्धत. रूळ कसा कोरला आहे यावर ग्रिलचा प्रकार ठरतो. म्हणून ग्रिलचा अभ्यास म्हणजे खरं तर आज हाताशी नसलेल्या त्या रुळांचा अभ्यास आहे. मागे उरलेल्या ठशांवरून यंत्र कसं होतं हे ओळखायचं. मला या विषयात रस निर्माण झाला तो यामुळेच.

ग्रिलचे प्रकार किती, आणि ए, बी, सी ही अक्षरं कोणी दिली?

ही अक्षरं टपाल खात्यानं दिलेली नाहीत. विल्यम एल. स्टीव्हनसन या अमेरिकन अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठशांच्या मापांवरून वर्गवारी केली, आणि तीच कॅटलॉगमध्ये रुळली. अक्षरांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम असं समजू नका. झेड हे शेवटचं अक्षर असलं तरी ते ग्रिल १८६८ च्या सुरुवातीचं आहे, म्हणजे ई आणि एफ यांच्याही आधीचं.

१८६१ च्या चित्रांवरची ग्रिल अशी आहेत. ए हे संपूर्ण तिकीटभर पसरलेलं. बी साधारण १८ गुणिले १५ मिलिमीटर. सी १३ गुणिले १६. डी १२ गुणिले १४. झेड ११ गुणिले १४. ई ११ गुणिले १३. एफ ९ गुणिले १३. आकडे वाचतानाच लक्षात येईल की डी, झेड आणि ई यांच्यात एखाद्या मिलिमीटरचाच फरक आहे. सगळा गोंधळ तिथेच होतो.

पुढे १८६९ च्या चित्रमालिकेवर जी ग्रिल आलं. ते साधारण साडेनऊ गुणिले नऊ, म्हणजे जवळजवळ चौकोनी. १८७० च्या मालिकेवर एच आणि आय आले.

ग्रिलचा आकार लहान लहान का होत गेला?

पहिल्या प्रयोगात कागदाचे फार हाल झाले. तिकीटभर ग्रिल दाबल्यानं कागद एवढा कमजोर झाला की तिकिटं सुटी करताना छिद्रांच्या रेघेवर फाटण्याऐवजी भलतीकडेच फाटायची. म्हणून ठसा तिकिटाच्या मध्यभागापुरता केला आणि तोही हळूहळू आक्रसत गेला. सी ग्रिलसाठी नवा रूळ बनवला नव्हता, ए च्याच रुळावरची नको असलेली टोकं काढून टाकली होती. काढताना काही टोकं अर्धवट राहिली, आणि सी ग्रिलच्या काही तिकिटांवर मुख्य चौकटीबाहेर त्यांच्या पुसट खुणा आजही सापडतात. अशी खूण असलेलं तिकीट मिळालं तर ते सोडू नका. कारागिरानं रूळ कसा बदलला याचा तो थेट पुरावा आहे.

'टोकं वर' आणि 'टोकं खाली' हा काय प्रकार आहे?

तिकीट चित्राच्या बाजूनं पाहायचं. ए, बी आणि सी मध्ये टोकं चित्राच्या बाजूला उठलेली असतात, त्यांना 'टोकं वर' म्हणतात. डी, झेड, ई आणि एफ मध्ये ती पाठीकडे जातात, म्हणजे 'टोकं खाली'. ओळख पटवताना पहिली पायरी हीच ठेवा, मोजपट्टी नंतर. कोणत्या बाजूला उठाव आहे हे नक्की झालं की निम्मे पर्याय तिथेच बाद होतात.

झेड ग्रिल कसं ओळखायचं?

मापावरून ओळखायला गेलात तर फसाल. ठसा पुसट असेल तर एखादी कडेची रांग दिसत नाही आणि झेड ई सारखं भासतं. खरी खूण टोकाच्या आकारात आहे. या ग्रिलमधला प्रत्येक पिरॅमिड अगदी सुईच्या अग्रासारखा संपत नाही, माथ्यावर एक बारीक धार असते. डी, ई आणि एफ मध्ये ही धार उभी असते, झेडमध्ये आडवी. किमान दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एका बाजूनं येणारा उजेड असेल तर हा फरक दिसतो. एकाच ठिपक्यावर विसंबू नका, चार-पाच ठळक ठिपके पाहून मग ठरवा.

एक सेंटचं झेड ग्रिल एवढं प्रसिद्ध का आहे?

कारण जगात त्याची दोनच तिकिटं माहीत आहेत. बेंजामिन फ्रँकलिनच्या चेहऱ्याचं हे साधं निळं एक सेंटचं तिकीट आहे. ग्रिल नसतं तर हेच तिकीट कोणत्याही नवख्या संग्राहकाला परवडलं असतं.

दोहोंपैकी एक बेंजामिन के. मिलर यांच्या संग्रहात होतं. मिलर यांनी आपला संग्रह १९२५ मध्ये न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीला दिला, त्यामुळे ते तिकीट कायमचं बाजाराबाहेर गेलं. खासगी हातात फिरलं ते फक्त दुसरं. १९९८ मध्ये रॉबर्ट झोलनर यांच्या संग्रहाच्या लिलावात ते ९,३५,००० डॉलरला विकलं गेलं आणि मिस्टिक स्टँप कंपनीनं ते घेतलं. बिल ग्रॉस या संग्राहकाला अमेरिकेची एकोणिसाव्या शतकातली तिकिटं पूर्ण करायला हे एकच तिकीट हवं होतं. २००५ मध्ये त्यांनी उलट्या विमानाच्या 'इनव्हर्टेड जेनी' या प्रसिद्ध तिकिटांचा चार तिकिटांचा प्लेट ब्लॉक (कडेवर छपाईच्या प्लेटचा क्रमांक असलेला, एकमेकांना जोडलेल्या तिकिटांचा गट) सुमारे २९ लाख ७० हजार डॉलरला घेतला आणि तो मिस्टिकला देऊन त्या बदल्यात हे एक सेंटचं तिकीट मिळवलं. चार तिकिटांच्या मोबदल्यात एक! जून २०२४ मध्ये ग्रॉस यांचा संग्रह सीगल यांच्या लिलावात निघाला तेव्हा या तिकिटाला खरेदीदाराच्या शुल्कासह ४३,६६,००० डॉलर मिळाले. अमेरिकेच्या एकट्या तिकिटासाठी हा तोवरचा विक्रम होता.

ही गोष्ट सांगताना मला दरवेळी एक आठवण करून द्यावीशी वाटते. १५ सेंटच्या लिंकनच्या तिकिटातही झेड ग्रिलची दोनच तिकिटं माहीत आहेत, पण त्याचं नाव बाहेर फारसं कोणी घेत नाही. दुर्मीळता आणि प्रसिद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तीन सेंटमध्ये झेड ग्रिल नियमित विक्रीला येतं. झेड ग्रिल अभ्यासायचं असेल तर ते तीन सेंटवर अभ्यासावं.

बी ग्रिलबद्दल फार कमी वाचायला मिळतं, असं का?

तीन सेंटच्या तिकिटाखेरीज ते कशावरच नाही, आणि त्याचीही चारच तिकिटं माहीत आहेत. टेक्सासमधल्या मेसन गावातून जर्मनीला गेलेल्या एका पाकिटावरची ती आहेत. एकाच पाकिटावर एका प्रकारचा सगळा ज्ञात साठा, असं तिकिटांच्या इतिहासात क्वचितच घडतं.

१८६९ ची चित्रमालिका या विषयात येते का?

नक्कीच येते, आणि नव्या संग्राहकाला मी बहुतेकदा इथूनच सुरुवात करायला सांगतो. तोवर अमेरिकेच्या तिकिटांवर फक्त थोर पुरुषांचे चेहरे असत. १८६९ मध्ये पहिल्यांदाच इतर चित्रं आली: दोन सेंटवर घोडेस्वार टपालवाला, तीन सेंटवर रेल्वेचं इंजिन, बारा सेंटवर अॅड्रिअॅटिक हे वाफेचं जहाज, पंधरा सेंटवर कोलंबसचं किनाऱ्याला लागणं, चोवीस सेंटवर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा प्रसंग. नव्वद सेंटवर मात्र लिंकनचा चेहराच होता. १५, २४, ३० आणि ९० सेंटची तिकिटं दोन रंगांत आहेत, अमेरिकेची पहिलीच दुरंगी तिकिटं. दोन रंग म्हणजे कागद दोनदा यंत्रातून जाणार. एखादा कागद उलटा गेला आणि १५, २४ व ३० सेंटमध्ये मधलं चित्र किंवा झेंडे उलटे छापले गेले.

लोकांना मात्र ही मालिका आवडली नाही. तिकिटं लहान आणि चौकोनी आहेत, डिंक नीट चिकटत नाही, राष्ट्रपुरुषांऐवजी इंजिन आणि घोडा कशाला, अशा तक्रारी आल्या आणि वर्षभरातच ती बदलली. आज तीच मालिका अमेरिकन संग्राहकांची सर्वांत लाडकी आहे. चोवीस सेंटच्या चौकोनात कोरलेली माणसांची गर्दी भिंगातून एकदा पाहा, कोरीव छपाईच्या कारागिरीबद्दल आणखी काही सांगावं लागणार नाही.

माझ्याकडे १८६९ चं तिकीट आहे, पण ग्रिल दिसत नाही. ते जास्त दुर्मीळ आहे का?

असू शकतं, पण लगेच आनंदून जाऊ नका. शक्यता तीन आहेत. पहिली, ग्रिल होतं पण जुन्या अल्बममध्ये दाबून सपाट झालं. ही शक्यता सर्वांत मोठी. दुसरी, ते १८७५ चं पुनर्मुद्रण आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया शताब्दी प्रदर्शनाच्या निमित्तानं खात्यानं जुन्या तिकिटांची खास छपाई केली होती, ती कडक पांढऱ्या कागदावर आणि ग्रिलशिवाय आहे. तिसरी, ते खरोखरच ग्रिल न दाबता निघालेलं मूळ तिकीट आहे. तिसऱ्या शक्यतेवर तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय पैसे मोजू नयेत.

घरी तपासणी कशी करावी?

चिमटा, चांगलं भिंग, काळा कागद आणि टेबल लॅम्प, एवढ्यावर बरंच काम होतं. तिकीट काळ्या कागदावर पालथं ठेवा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि लॅम्प जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणा. उजेडाची दिशा बदलत राहा. एका दिशेनं न दिसणारी रांग दुसऱ्या दिशेनं उठून दिसते.

वॉटरमार्क पाहायचा द्रव काळ्या थाळीत घेऊन त्यात तिकीट बुडवलं तर ग्रिल अधिक स्पष्ट दिसतं, जुनी दुरुस्ती आणि पातळ झालेला कागदही उघडा पडतो. द्रव ज्वालाग्राही असेल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास देवघरातला दिवाही नको. शिसपेन्सिल घासून ठसा उतरवायची जुनी पद्धत काही जण सुचवतात. ती वापरू नका. दाबामुळे ग्रिलच बिघडतं. त्यापेक्षा तिरक्या उजेडात मोबाइलनं मोठा फोटो घ्या आणि पडद्यावर रांगा मोजा. मापापेक्षा रांगांची संख्या जास्त भरवशाची. उदाहरणार्थ, एफ मध्ये आडव्या दिशेनं ११ ते १२ ठिपके असतात, ई मध्ये साधारण १४.

ग्रिल अर्धंच दिसतंय किंवा दोन ग्रिल दिसतायत. तिकीट खराब आहे का?

नाही. रूळ आणि तिकिटांच्या रांगा नेहमी जुळत नसत, त्यामुळे ग्रिल शेजारच्या दोन तिकिटांत, क्वचित चार तिकिटांतही विभागलं जाई. कागद दोनदा रुळाखालून गेला तर दुहेरी ग्रिल येतं. अशा तिकिटांना संग्रहात वेगळं स्थान आहे. पण नकली ग्रिल बनवणाऱ्यांचाही डोळा याच प्रकारांवर असतो, हे विसरू नका.

नकली ग्रिल कसं बनवतात? आणि ते कसं ओळखायचं?

या विषयात पैसे जातात ते इथेच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१८६१ ची ग्रिल नसलेली तिकिटं अस्सल आणि तुलनेनं स्वस्त आहेत. त्यांच्यावर घरगुती ठसा दाबला की कॅटलॉगमधली किंमत कित्येक पट वाढते. तिकीट खरं, कागद खरा, शाई खरी, छिद्रं खरी, फक्त ठसा खोटा. म्हणून 'तिकीट तर खरंच आहे ना' या समाधानाला इथे अर्थ नाही.

पहिली तपासणी तारखेची. शिक्क्यात किंवा पाकिटावर ऑगस्ट १८६७ च्या आधीची तारीख असेल तर ग्रिल नंतर दाबलेलं आहे, पुढे काही बघायची गरज नाही. दुसरी तपासणी शाईची. ग्रिल अस्सल असेल तर शिक्का ग्रिलच्या नंतर बसलेला असतो, त्यामुळे शाई तुटलेल्या तंतूंमध्ये शिरलेली दिसते. शिक्का आधी आणि ग्रिल नंतर असेल तर शाईचा वाळलेला थर ठिपक्यांच्या जागी तडकलेला किंवा ताणलेला दिसतो. तिसरी तपासणी रांगांची. अस्सल रुळावरच्या टोकांमधलं अंतर ठरलेलं आहे. नकली ठशात रांगा वाकड्या असतात, ठिपके फार गोल असतात किंवा सगळ्यांची खोली संशय यावा इतकी सारखी असते. चौथी तपासणी, हे ग्रिल या किमतीवर निघालं तरी होतं का? पाच सेंटच्या जेफरसनवर फक्त ए आणि एफ ग्रिल आहेत. चोवीस आणि नव्वद सेंटवर १८६८ मध्ये फक्त एफ. नव्वद सेंटवर कोणी ई ग्रिल विकत असेल तर ते तिथेच थांबवा.

न वापरलेल्या तिकिटांत डिंकाचीही फसवणूक असते. जुन्या तिकिटाला नवा डिंक लावला तर तो ग्रिलच्या खळग्यांत भरून गुळगुळीत बसतो. आणि ए सारखं तिकीटभर पसरलेलं ग्रिल असलेले प्रयोगनमुनेही आहेत. ते अस्सल आहेत, पण टपालासाठी विकलेली तिकिटं नव्हेत. विक्रेता हा फरक सांगेलच असं नाही.

मग प्रमाणपत्र कोणाकडून घ्यावं?

न्यू यॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन १९४५ पासून हे काम करतं आणि अमेरिकन तिकिटांसाठी त्याचा शब्द मानला जातो. अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ सेवा आणि प्रोफेशनल स्टँप एक्सपर्ट्स हेही पर्याय आहेत. प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी त्यावरची तारीख पाहा. काही दशकांपूर्वीचं मत आज नव्या तुलनेनंतर बदललेलं असू शकतं. महाग तिकीट घेताना 'अमुक संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं तरच व्यवहार पक्का' अशी अट आधीच लेखी घ्या. चांगले विक्रेते ती मान्य करतात.

माझा स्वतःचा नियम कडक आहे. एफ ग्रिलचं तीन सेंट, १८६९ चं दोन किंवा तीन सेंट अशी सर्वसाधारण तिकिटं सोडली तर प्रमाणपत्राशिवाय ग्रिलचं तिकीट घ्यायचं नाही. पुण्या-मुंबईतल्या प्रदर्शनांत विदेशी तिकिटांच्या ढिगात ग्रिल सापडतं तेव्हा हा नियम पाळणं कठीण जातं, तरी पाळावा.

कमी पैशांत हा संग्रह होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि माझ्या मते तोच जास्त समाधानाचा होतो. तीन सेंटचं वॉशिंग्टन हे एकमेव तिकीट आहे ज्यावर ए, बी, सी, डी, झेड, ई आणि एफ ही सातही ग्रिल आली. त्यातलं एफ सहज मिळतं, ई ही मिळतं. झेड, सी, डी आणि ए साठी पैसे साठवावे लागतील. बी सोडून द्यायचं. एकच चेहरा आणि सहा वेगवेगळ्या पाठी, या संग्रहातून ग्रिलचा सगळा इतिहास मांडता येतो. त्याउलट दहा महागडी तिकिटं नुसती शेजारी शेजारी लावली तर पाहणाऱ्याला फक्त तुमचा खर्च दिसतो.

आपल्या हवेत ही तिकिटं टिकतात का?

काळजी घेतली तर टिकतात. कोकण, गोवा आणि मुंबईचा पावसाळा डिंकाचा शत्रू आहे. दमट हवेत तिकीट पानाला चिकटतं, कागदावर तपकिरी डाग पडतात. ग्रिलच्या तिकिटाला याहून मोठा धोका दाबाचा. अल्बम एकावर एक रचून ठेवू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा आणि कपाटात कोंबू नका. पीव्हीसीची पाकिटं टाळा. सिलिका जेल ठेवा आणि ते वेळेवर बदला. पाकिटावरून तिकीट पाण्यात सोडवलं तर कागद फुगतो आणि ग्रिल सपाट होतं. मग ते जाड पुस्तकाखाली वाळवलं तर उरलंसुरलं ग्रिलही जातं. म्हणून पाकिटावर असलेलं ग्रिलचं तिकीट कधीही सोडवू नका. पाकीट, शिक्का, तारीख, टपालमार्ग हे सगळं मिळूनच त्याचं मोल आहे.

प्रदर्शनासाठी मांडणी कशी सुरू करावी?

आधी एक वाक्य लिहा: ही फ्रेम पाहून माणसाला काय कळायला हवं? 'माझ्याकडची ग्रिलची तिकिटं' हा विषय होत नाही. 'तिकिटांचा पुनर्वापर रोखण्यासाठी नॅशनल बँक नोट कंपनीनं केलेला प्रयोग, १८६७ ते १८७१' हा विषय होतो. असा विषय ठरला की कुठलं तिकीट कुठे हे आपोआप सुचत जातं: आधी ग्रिल नसलेलं १८६१ चं तिकीट, मग ए चा फसलेला प्रयोग, मग लहान होत जाणारी मापं, मग १८६९, आणि शेवटी १८७० नंतर हा प्रयोग विरत जाणं. १८७३ मध्ये छपाईचा ठेका काँटिनेंटल बँक नोट कंपनीकडे गेला, तोवर नियमित ग्रिलचे दिवस संपले होते.

एका फ्रेममध्ये साधारण ए-फोर आकाराची १६ पानं बसतात. पहिलं पान शीर्षकाचं, त्यात विषय, मर्यादा आणि आराखडा. नवीन सादरकर्ते या पानावर निबंध लिहितात. परीक्षकाला उभ्यानं वाचायचं असतं, त्यामुळे मोजकंच लिहा.

फरक पाठीमागे आहे, मग फ्रेममध्ये तो दाखवायचा कसा?

हा या विषयातला सर्वांत अवघड भाग. मूळ तिकीट समोरून लावायचं आणि शेजारी पाठीचा तिरक्या उजेडात घेतलेला मोठा फोटो द्यायचा, हा सर्वमान्य मार्ग. चित्रप्रत मूळ आकारापेक्षा किमान २५ टक्के लहान किंवा मोठी असावी असा संकेत आहे, म्हणजे मूळ वस्तू आणि चित्र यांत गफलत होत नाही. ग्रिलसाठी ती मोठीच असावी. एखादं जोडीचं तिकीट असेल तर एक सुलटं आणि एक पालथं लावता येतं. फोटोत रांगांची संख्या किंवा धारेची दिशा बारीक बाणानं दाखवा. प्रत्येक तिकिटाला एवढी जागा देऊ नका, जिथे ओळख वादाची आहे तिथेच द्या. प्रमाणपत्र त्याच पानाच्या मागे ठेवा आणि पानावर तशी छोटी नोंद करा.

गुण कशाला मिळतात?

पारंपरिक फिलाटेलीच्या (तिकिटांच्या संग्रह आणि अभ्यासाच्या) आंतरराष्ट्रीय नियमांत १०० पैकी मांडणीला २०, विषयाच्या महत्त्वाला १०, ज्ञान, अभ्यास आणि संशोधनाला ३५, तिकिटांच्या स्थितीला १०, दुर्मीळतेला २० आणि सजावटीला ५. ९० गुणांना सुवर्ण आणि ९५ ला मोठं सुवर्ण.

हे आकडे नीट पाहा. अभ्यासाला दुर्मीळतेपेक्षा जास्त गुण आहेत. एक सेंटचं झेड कोणाकडेच नसणार, पण झेड आणि ई यांतला फरक तुमच्या फ्रेमइतका स्वच्छ कोणी समजावलेला नाही, असं परीक्षकाला वाटलं तर काम झालं. स्थितीबाबतही जाणकार परीक्षक ते ग्रिल कोणत्या स्थितीत मिळतं हे लक्षात घेतात. ए ग्रिलच्या तिकिटाची छिद्रं परिपूर्ण असावीत अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही.

महाराष्ट्रातून प्रदर्शनात भाग कसा घ्यायचा?

जिल्हा पातळीवरून सुरुवात करा. टपाल खात्याची जिल्हा प्रदर्शनं असतात, पुढे राज्य पातळीवर महापेक्स आणि राष्ट्रीय पातळीवर इनपेक्स. राष्ट्रीय पातळीवर पुरेसं पदक मिळालं की फिलाटेलिक काँग्रेस ऑफ इंडिया या संग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा मार्ग खुला होतो. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याला साधारण पाच फ्रेम, म्हणजे ८० पानं, मांडावी लागतात. तोवर एका फ्रेमच्या वर्गात हात बसवावा. परदेशी तिकिटांचा विषय आहे म्हणून आपल्याकडे कोणी कमी लेखत नाही, उलट असे विषय थोडेच असल्यानं परीक्षक आवर्जून थांबतात.

या विषयाचा आपल्या भागाशी काही संबंध आहे का?

थेट संबंध पाकिटांतून येतो. बॉस्टनमधल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला होते. ग्रिलच्या काळात त्यांच्यासाठी अमेरिकेतून निघणारं पत्र अटलांटिक ओलांडून ब्रिटनमार्गे मुंबईला यायचं. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये उघडला, म्हणजे याच वर्षांत टपालमार्गही बदलत होते. त्या काळातलं भारतात आलेलं पाकीट आणि त्यावर ग्रिलचं तिकीट, अशी वस्तू मराठी संग्राहकाच्या फ्रेममध्ये शोभून दिसेल. जुनी मिशन पाकिटं विक्रीला आली तर आधी तिकिटाची पाठ नव्हे, पाकिटावरचे शिक्के आणि लिहिलेला टपालदर पाहा.

दुसरा धागा उठावाच्या तिकिटांचा. १ जुलै १८५२ रोजी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये तिथले ब्रिटिश आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी आणलेलं 'सिंध डाक' हे आशियातलं पहिलं तिकीट, आणि तेही ठसा दाबूनच बनवलेलं. उद्देश अगदी वेगळा होता, तिथे ठसा हेच चित्र होतं. पण कागदावर दाबलेला ठसा काळाबरोबर कसा टिकतो आणि कसा झिजतो हे शिकायचं असेल तर सिंध डाकची पांढरी आणि निळी तिकिटं कुठे पाहायला मिळाली तर जरूर पाहा.

ग्रिल फक्त अमेरिकेच्याच तिकिटांवर आहे का?

नाही. नॅशनल बँक नोट कंपनीनं पेरू देशासाठी छापलेल्या तिकिटांवरही १८७४ पासून ग्रिल आहे. ती तिकिटं बरीच स्वस्त मिळतात आणि त्यांच्यावरचा ठसा सहसा ठळक असतो. नजर तयार करायला, तिरका उजेड साधायला आणि रांगा मोजायचा सराव करायला याहून चांगलं साहित्य नाही. अमेरिकेच्या तिकिटांवर पैसे घालण्याआधी पेरूची पाच-सहा तिकिटं घेऊन महिनाभर त्यांच्या पाठी वाचा.